होडीतली जमीन

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मे सरत आला की होड्या वर ओढल्या जातात. मग शाकारणी होते. बांबूचा सांगाडा उभा राहतो, त्यावर पूर्वी झाप असायचे, आता बहुतेक ठिकाणी ताडपत्री असते. या दोन महिन्यांत इंजिन उघडलं जातं, जाळी दुरुस्त होतात, बुडाला रंग लागतो. डेकची पाळी बहुधा शेवटी येते, पैसे संपत आलेले असतात तेव्हा. खरं तर मच्छीमाराचं शरीर दिवसभर ज्याच्याशी झगडतं तो भाग म्हणजे पायाखालचा हा डेकच. जाळं ओढताना सगळा भार टाचांवर आणि चवड्यांवर येतो. खाली माशांचा चिकटा, बर्फाचं पाणी, शेपट्या-खवले, आणि बहुतेकांचे पाय अनवाणी. अशा वेळी पाय घसरला तर माणूस एक तर काठावर आपटतो, नाही तर पाण्यात जातो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी मिळून बारा मीटरपेक्षा लहान मासेमारी नौकांसाठी २०१२ साली सुरक्षाविषयक शिफारशी प्रसिद्ध केल्या. छोट्या होडीची सुरक्षितता हा तीन जागतिक संस्थांनी एकत्र बसून विचार करावा इतका गंभीर विषय आहे, एवढं त्यावरून कळतं.

डेकवर काय घालायचं, हा प्रश्न दुकानात विचारला की उत्तरं भराभर मिळतात. फायबर मारा, रबर टाका, मरीन प्लाय ठोका, हल्ली मिळतो तो फोम चिकटवा. पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. डेकवर आलेलं पाणी जातं कुठून? त्याचं उत्तर नीट मिळाल्याशिवाय वर जे घालाल ते वाया जाईल, आणि खालचं लाकूडही बरोबर घेऊन जाईल.

लाकडी होडीचे शत्रू दोन, आणि त्यांचे स्वभाव उलटे. बुडाला खाणारा किडा खाऱ्या पाण्यातला. तो सतत पाण्याखाली असलेल्या लाकडातच पोखरतो. डेकला खाते ती बुरशी, आणि तिला हवं असतं गोडं पाणी. लाकडातला ओलावा साधारण वीस टक्क्यांच्या वर राहिला की कुजणं सुरू होतं. त्याच्या खाली असेल तर लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. खारं पाणी या बुरशीला मानवत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले जहाजबांधणी करणारे लाकडी जहाजाच्या फासळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम खडे मीठ भरत, ते याचसाठी. म्हणून होडीचा डेक समुद्रात जितका कुजत नाही तितका तो किनाऱ्यावर विश्रांती घेताना कुजतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ताडपत्रीला एक भोक असेल आणि त्याखाली डेकचा एखादा खोलगट भाग असेल, तर दोन महिने तिथे गोडं पाणी साचलेलं राहतं.

शाकारणीची जुनी रीत इथे फार शहाणपणाची होती. झापांतून वारा खेळायचा. ताडपत्री पाणी अडवते, तशी आतली वाफही अडवते. चारी बाजूंनी घट्ट आवळून बांधली की आत दमटपणा कोंडतो आणि छताच्या आतल्या बाजूने थेंब पुन्हा डेकवरच पडतात. ताडपत्री वापरायला हरकत नाही, पण नाळेकडची आणि मागची बाजू मोकळी ठेवावी. खणांची झाकणं काढून ठेवावीत, तळाची बुचं उघडी ठेवावीत आणि नाळ थोडी उंच टेकवावी, म्हणजे आत शिरलेलं पाणी मागे वाहून बाहेर पडेल. या सगळ्याला पैसा लागत नाही, आणि कुठल्याही महागड्या आच्छादनापेक्षा डेकचं आयुष्य यानेच जास्त वाढतं.

पूर्वी फळ्यांना तेल पाजत. मुशीच्या काळजाचं तेल, तारलीचं तेल, उंडीचं तेल, जिथे जे मिळेल ते. सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेलाचं मिश्रण भरत. तेल लाकडात मुरतं, पाणी आत शिरू देत नाही आणि दरवर्षी नव्याने लावता येतं. शिवाय फळ्या ऊन-पावसात फुगतात आणि आकसतात, त्यांच्याबरोबर ही पद्धतही हलते. तिची अडचण एवढीच की माणूस आणि वेळ दोन्ही लागतात. दरवर्षी सांधे उकरायचे, भरायचे, तेल पाजायचे. ते करणारे हात आता कमी झाले.

मग फायबर आलं. काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या होड्या अमेरिकेत १९४०च्या दशकात बनू लागल्या. भारतात मासेमारीच्या छोट्या नौकांमध्ये हे तंत्र रुजवण्याच्या कामात दोन संस्थांची नावं घ्यावीच लागतात. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ साली स्थापन झाली. तिने स्वस्त लाकडावर, अगदी रबराच्या झाडाच्या लाकडावरसुद्धा, रासायनिक प्रक्रिया करून वर फायबरचं कवच चढवण्याचे प्रयोग केले. चेन्नईत १९७९ पासून काम करणाऱ्या बंगालच्या उपसागर कार्यक्रमाने पूर्व किनाऱ्यावर लाटांतून थेट वाळूवर येऊ शकतील अशा फायबरच्या होड्या घडवल्या. कोकणात आज दोन्ही प्रकार दिसतात: सबंध फायबरची होडी, आणि लाकडी होडीवर नंतर चढवलेलं फायबर. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली सुरू झाली, तिच्यात पारंपरिक मच्छीमाराला जुनी होडी बदलून नवी घ्यायला अनुदान आहे. त्यामुळे पहिला प्रकार वाढतो आहे. फसगत मात्र दुसऱ्या प्रकारात जास्त होते.

कारण साधं आहे. ज्या फळ्यांनी वीस वर्षं मासळीचं तेल प्यायलं, त्यांच्यावर पॉलिएस्टर रेझिन धरत नाही. वरवर घासलं तरी तेल खोलवर असतं, आणि उन्हात लाकूड तापलं की ते पुन्हा वर येतं. सागवानात तर स्वतःचंच तेल असतं. त्यात अनेक सुट्या फळ्यांचा डेक हलतो. प्रत्येक फळी आपापल्या परीने फुगते-आकसते आणि वरचं ताठ फायबर सांध्यांच्या रेषेत तडकतं. केसाएवढ्या तडीतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला त्याला जागा नसते. वरून डेक गुळगुळीत, चकचकीत; आत लाकूड भिजलेल्या पावासारखं. दोन हंगामांनी एके दिवशी पाय आत जातो. तेव्हा दोष फायबरला दिला जातो, पण फायबरने आपलं काम केलेलं असतं. त्याला चुकीच्या जागी बसवलेलं असतं.

जुन्या लाकडी डेकला फायबर हवंच असेल तर मधला मार्ग आहे. फळ्यांवर मरीन प्लायचा सलग थर स्क्रूने आवळायचा आणि फायबर त्या प्लायवर चढवायचं. किंवा फळ्या पूर्ण काढून तुळयांवर थेट प्लाय बसवायचा. हा दुसरा उपाय जास्त चांगला, कारण एकावर एक थर चढवले की वजन वाढतं, तेही उंचावर. आठ फूट बाय चार फूट मापाचा बारा मिलिमीटर जाडीचा एक पत्रा वीस ते पंचवीस किलोचा भरतो. छोट्या होडीला डेकच्या पातळीवरचे शंभर किलो म्हणजे थोडंथोडकं नव्हे.

प्लाय घेताना 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नये. भारतीय मानक ब्यूरोचं आय. एस. ७१० हे मानक मरीन प्लायसाठी आहे. त्यातल्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरीही थर सुटता कामा नयेत. फर्निचरचा जो प्लाय 'बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट' म्हणून मिळतो तो आय. एस. ३०३ खाली येतो. स्वयंपाकघराच्या कपाटाला तो ठीक, होडीच्या डेकला नाही. पत्र्यावरचा शिक्का बघावा, शिवाय कापलेली कड डोळ्यांजवळ धरून बघावी. थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर तो पत्रा दुकानातच ठेवावा. पोकळीत शिरलेलं पाणी कुठून आलं आणि कुठवर गेलं, याचा नंतर थांग लागत नाही.

आता बसवण्याचं काम. ते जूनच्या पावसात करू नये. ओल्या लाकडावर आणि दमट हवेत रेझिन नीट धरत नाही. एप्रिल-मेमध्ये दोन-चार दिवस होडी बांधून ठेवता आली तर उत्तम, नाही तर पावसाळा संपून उघडीप झाल्यावर.

पहिलं हत्यार म्हणजे पाण्याची बादली. होडी पाण्यात जशी तरंगते त्याच ढबीने टेकवून डेकवर बादलीभर पाणी ओतायचं आणि बघत बसायचं. कुठे साचतं, कुठून जातं, किती वेळ लागतो. खडूने खुणा करायच्या. चार मीटर लांब आणि दोन मीटर रुंद डेकवर पाच सेंटीमीटर पाणी उभं राहिलं तर ते ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो होतं. आणि हे वजन एका जागी बसत नाही. होडी कलली की तेही त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून डेक मधे किंचित उंच आणि कडांना उतरता हवा. कडेला पाणी जाण्याची भोकं मोठी हवीत. माशाचं शेपूट किंवा जाळ्याचा तुकडा अडकला तरी वाहतील इतकी मोठी.

दुसरं हत्यार छोटी हातोडी. जुना डेक वीतभर अंतराने ठोकत जायचं. चांगल्या लाकडातून खणखणीत आवाज येतो, कुजलेल्यातून बद्द. बद्द आवाजाच्या जागी टोचा दाबून पाहावा. सहज आत गेला तर तेवढा भाग, आणि त्याच्या भोवतीचा आणखी थोडा, कापून काढावा. झाकणाच्या चौकटी, डोलकाठीचं बूड, खुंट जिथे बोल्टने आवळलेले असतात त्या जागा, इथे कुजण्याला सुरुवात होते. जिथे भोक आहे तिथून पाणी शिरतं.

प्लायचे सांधे तुळईवरच यावेत, अधांतरी नको. सांध्यात किंचित फट ठेवून ती लांबीने भरावी. स्क्रू मरीन प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साध्या खिळ्याला गंज चढला की तो फुगतो आणि वरचं फायबर उचलतो. प्रत्येक स्क्रूचं डोकं खाच करून खाली बसवावं आणि लांबीने बुजवावं. जाळ्याच्या बारीक नायलॉनला एवढंसं वर आलेलं डोकंही पुरतं. सगळं जाळं सरसरत बाहेर जात असतं आणि ते एका स्क्रूला अडकतं. मग एक तर जाळं फाटतं, नाही तर ते सोडवायला वाकलेल्या माणसाचा हात त्याच्याबरोबर खेचला जातो. प्लायच्या कडांना वर-खाली दोन-तीन वेळा रेझिन पाजावं, कारण प्लाय पाणी पितो तो कडांतूनच.

डेक आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तो कोपरा काटकोनी ठेवू नये. मॅट काटकोनात नीट बसत नाही. मागे हवा राहते आणि पुढे ती जागा फुटते. म्हणून तिथे लांबीची गोलाई करून घ्यायची आणि मॅट भिंतीवर चार बोटं वर चढवायची. आठ चौरस मीटर डेकला चौरस मीटरमागे ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन थर द्यायचे तर सात किलोंहून थोडी जास्त मॅट आणि सोळा ते अठरा किलो रेझिन लागतं. रेझिन कमी पडलं तर मॅट कोरडी राहते, जास्त झालं तर थर ठिसूळ होतो. रोलर दाबून फिरवत हवेचे फुगे बाहेर काढायचे. ओली मॅट पारदर्शक दिसली पाहिजे. पांढरा डाग दिसला की तिथे हवा आहे असं समजावं. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के पडतो, आणि तो मोजूनच घालावा. कोकणच्या मे महिन्यात दुपारी कालवलेलं रेझिन डब्यातच घट्ट होतं. काम सकाळी लवकर धरावं आणि थोडं थोडंच कालवावं. एक धोका ठळक अक्षरांत लिहावा असा आहे. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात तो कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. आग लागते, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर नंतर. रेझिनची वाफ छातीला आणि डोळ्यांना वाईट, म्हणून ताडपत्रीच्या आत कोंडून हे काम करायचं नाही.

एवढं झालं की डेक घट्ट आणि जलरोधक होतो. आणि ओला झाला की काचेसारखा निसरडाही. इथे पकडीचा प्रश्न सुरू होतो, आणि त्याचं उत्तर होडी कुठली मासळी धरते यावर अवलंबून आहे.

सातपाटी, वसई, उत्तन या भागात डोल जाळ्याने बोंबील येतो. बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. तो डेकवर ओतला की सगळीकडे चिकट ओल पसरते. अशा होडीला खरखरीत पृष्ठभाग हवा आणि तो फडा मारून, पाणी ओतून झटक्यात धुता आला पाहिजे. त्यावर वाळूइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही. शेवटचा थर ओला असताना चाळलेली बारीक वाळू भरपूर उधळायची, दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून टाकायची आणि वर पातळ थर द्यायचा. वाळू नदीची, धुऊन वाळवलेली. समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ते ओल ओढतं आणि थर फुगवतं. जास्त टिकाऊ हवं असेल तर कुरुंदाची भुकटी. भरड वाळू टाळावी, ती तळपाय सोलते आणि जाळं घासते. खरं म्हणजे सगळा डेक सारखाच खरखरीत करण्याची गरज नसते. माणूस उभा राहून ओढतो तिथे, सुकाणूपाशी आणि काठावरून चढ-उतार होते तिथे पकड हवी. जाळ्याचा ढीग पडतो तो पट्टा गुळगुळीत असलेला बरा.

रंग फिकट करडा किंवा फिकट हिरवा ठेवावा. गडद डेकवर दुपारी अनवाणी उभं राहवत नाही, आणि पांढऱ्याशुभ्र डेकवरून परतलेलं ऊन डोळ्यांत जातं.

गळाने सुरमई धरणाऱ्या किंवा एक-दोन माणसांच्या छोट्या होडीला रबरी चटई चालते. गोठ्यात जनावरांखाली अंथरतात तसली जाड, वर नक्षी असलेली. अट एकच: ती चिकटवायची नाही. रोज उचलून, दोन्ही बाजूंनी धुऊन, काठावर वाळत टाकायची. चिकटवलेल्या रबराखाली पाणी शिरतं आणि त्याच्यावर कधी ऊन पडत नाही. उघड्या होडीत तळाला सुट्या फळ्या असतात. त्यांचं तत्त्वही हेच. उचलता आल्या पाहिजेत, कारण खालचं पाणी उपसायचं असतं. पण त्यांना आकडा किंवा दोरी हवी. होडीत पाणी भरलं की सुट्या फळ्या तरंगू लागतात आणि नेमक्या त्या वेळी पायाखाली काही राहत नाही.

अमेरिकेत तळी आणि नद्यांवर हौसेने मासे धरणाऱ्यांच्या ॲल्युमिनियमच्या होड्यांत प्लायवर पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा चिकटवण्याची मोठी प्रथा आहे. पाय घसरत नाही, पत्र्याचा आवाज दबतो आणि दिसायला छान. तिथल्या कामाला तो पुरतो. माणूस एकेक मासा धरतो, बराचसा परत सोडतो, आणि होडी घरी गाडीवर छपराखाली जाते. तरीही गालिचा पाणी धरून ठेवतो, गळ त्यात रुततात आणि खालचा प्लाय सडतो, अशी तिथेही रड आहे. तिथे आणखी एक धडा मिळाला. २००४च्या सुमाराला घरगुती वापराच्या लाकडावरची आर्सेनिकयुक्त प्रक्रिया थांबली आणि तिच्या जागी जास्त तांब्याच्या प्रक्रिया आल्या. तसला प्लाय ॲल्युमिनियमवर बसवला की ओल्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं, पत्र्याला भोकं पडतात. आपल्याकडे जलाशयात ॲल्युमिनियमची होडी वापरणाऱ्याने रासायनिक प्रक्रियेचा प्लाय घेताना हे विचारून घ्यावं.

गालिच्याची जागा आता ईव्हीए फोम घेतो आहे. तो पाणी पीत नाही, मऊ असतो, मागे चिकट असल्याने पटकन बसतो. मालवणकडे पर्यटकांना फिरवणाऱ्या होडीला तो शोभतो आणि उपयोगीही आहे, कारण तिथे पायात चपला-बूट असलेली, समुद्राची सवय नसलेली माणसं चढतात. पण शिंगाळ्याचा काटा, खेकड्याचा आकडा, कोयता आणि दगडाचं वजन यांच्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. एकदा चिरला की चिरेत मासळीचा रस जातो, आणि तो वास पुढे जात नाही. रोज जाळं ओढणाऱ्या होडीला फोम घेऊ नये.

सबंध फायबरच्या होडीत डेकवर साच्यातूनच आलेली नक्षी असते. ती चार-सहा वर्षांत झिजते. तिथे नवीन काही चिकटवण्यापेक्षा घासून, ॲसिटोनने पुसून, वाळूचा थर द्यावा. भोकं पाडताना मात्र फार जपावं. अनेक होड्यांत डेकखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. एका उघड्या स्क्रूच्या भोकातून त्यात पाणी मुरत राहिलं की होडी दरवर्षी जड होत जाते आणि डिझेल का जास्त जातं ते कळत नाही. स्क्रू घालायचाच असेल तर भोक मोठं पाडावं, एपॉक्सीने पूर्ण भरावं, वाळू द्यावं आणि त्या भरावात नवं बारीक भोक पाडावं.

मासळीच्या खणात सगळे नियम उलटे. तिथे पकड नको, खरखर नको, सांधा नको. तळ गुळगुळीत, पांढरा, कोपरे गोल, आणि उतार एका कोपऱ्याकडे. म्हणजे घाण दिसते आणि धुतली जाते. तळावर प्लॅस्टिकच्या जाळीदार फळ्या ठेवून त्यांवर बर्फ आणि मासळीचे थर रचावेत. वितळलेलं पाणी आणि रक्त खाली उतरतं, मासळी त्यात भिजत पडत नाही. या फळ्याही सुट्याच असाव्यात. माल उतरला की त्या बाहेर काढून, घासून उन्हात टाकाव्यात, आणि झाकण खण वाळेपर्यंत उघडं ठेवावं.